काटा कपाटात, मुलं मैदानात

पत्र: आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मिस्टरांचं वजन 104 किलो होतं, त्यात शुगर निघाली. वर्षभरापासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या, आठवड्याचं इंजेक्शन, आहार आणि जिम सुरू आहे. आता ते 92 वर आलेत. मीही 7 किलो उतरवलं. आम्ही दोघं पहाटे जिमला जातो, तेव्हा मुलं झोपलेली असतात. मुलगी 11 वर्षांची, मुलगा 8 चा. मुलगा अंगानं जाड आहे. शाळेत चिडवतात म्हणून खेळायला जात नाही, मोबाईल घेऊन बसतो. रविवारी रंकाळ्यावर चालायला नेलं की दहा मिनिटांत कुरकुर सुरू. वडापाव खाल्ला की हे त्याला गच्चीवर पळायला लावतात. मुलीचं उलटंच. आमचं बघून ती रोज काट्यावर उभी राहते, वहीत वजन लिहून ठेवते, रात्री भात नको म्हणते. सासूबाईंचं म्हणणं, मुलगी मोठी झाली, आता ग्राउंड बंद करा. घरी ट्रेडमिल घ्यावी का? मुलीला पावलं मोजणारं घड्याळ घेऊन द्यावं का? आमच्यासारखं पोरांचं होऊ नये, एवढंच वाटतं. – एक आई

उत्तर:

ताई, आधी मुलीचं बोलू. मुलाच्या बाबतीत महिना-दोन महिने इकडं-तिकडं झाले तरी चालतील, तिच्या बाबतीत नको.

काटा आजच हॉलमधून उचला आणि तुमच्या खोलीतल्या कपाटात ठेवा. तुम्हा दोघांनाही रोज वजन करायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी केलं की पुरे. रोजचा दोनशे-चारशे ग्रॅमचा चढउतार पाण्याचा आणि पोटातल्या अन्नाचा असतो, चरबीचा नव्हे. आणि तो आकडा जेवणाच्या ताटावर काढायचा नाही. "आज वाढलंय बघ" हा तुमच्यासाठी साधा हिशेब असतो. मुलगी त्यातून वाढणं म्हणजे चूक, एवढंच उचलते. तिचं तर वाढायचंच वय आहे. वयात येताना मुलीची उंची एखाद्या वर्षी सात-आठ सेंटीमीटर जाते, वजनही वर्षाला चार-पाच किलो, कधी त्याहून जास्त वाढतं. बऱ्याच मुली आधी थोड्या भरतात आणि मग उंच होतात. ऐन त्या वर्षात वहीतला आकडा जागच्या जागी राहिला, तर ती काळजीची गोष्ट आहे.

वही फाडू नका, ओरडूही नका. "काट्यावर काय बघतेस गं?" एवढं विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. शाळेत कुणी काही बोललंय का, ते बहुतेक तिथंच कळतं. मग सांगा की वजन-उंची आता दवाखान्यात, सहा महिन्यांतून एकदा. बालरोगतज्ज्ञ ते भारतीय मुलांच्या वाढीच्या तक्त्यावर टिपतात, वयानुसार आणि मुलगा-मुलगी वेगवेगळं. मोबाईलवरचं मोठ्यांचं बीएमआयचं (उंचीच्या मानानं वजनाचं) गणित मुलांना लावायचं नाही. 8 वर्षांच्या मुलाचा बीएमआय 21 आला तर मोठ्यांच्या कोष्टकात तो ठाकठीक दिसतो. मुलांच्या तक्त्यावर तोच लठ्ठपणात बसतो. लेकाचं मोजमापही त्याच फेरीत करून घ्या.

भाताचं उत्तर तयार ठेवा, कारण ती विचारणारच. "बाबांचं ताट त्यांच्या शुगरसाठी डॉक्टरांनी ठरवलंय. तुझं शरीर अजून घडतंय, तुझं ताट वेगळं." सगळ्यांना भाजी, आमटी, भाकरी तीच, वाढणी ज्याच्या-त्याच्या गरजेनुसार. कोल्ड्रिंक आणि फरसाणाचे पुडे मात्र एकट्या मुलासाठी बंद करायचे नाहीत, घरात आणायचेच नाहीत. ती जेवण टाळू लागली, डब्यातलं टाकून देऊ लागली, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन बसू लागली, दार लावून व्यायाम करू लागली किंवा तिला चक्कर आली, तर सहा महिन्यांची वाट बघू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

आता वडापाव आणि गच्ची. तीस किलोचं पोरगं वीस मिनिटं भरभर चाललं तर साधारण चाळीस-पन्नास कॅलरी खर्च होतात. एका वडापावात अडीचशे-तीनशेच्या आसपास असतात. म्हणजे गच्चीवरच्या त्या पळण्यानं हिशेब कधीच मिटणार नाही. मिटेल ते एवढंच, की पळणं म्हणजे शिक्षा हे त्याच्या डोक्यात पक्कं होईल. खाण्याचा दंड म्हणून व्यायाम नको आणि व्यायामाचं बक्षीस म्हणून खाणंही नको. ग्राउंडवरून येताना कधी खाऊगल्लीत भेळ खाल्ली तर खुशाल खा. "आज खेळलास म्हणून" हे शेपूट तेवढं लावू नका. मोबाईलचंही तसंच. अमुक पावलांना तमुक मिनिटं असा बाजार मांडला की मुलाचा जीव मोबाईलातच राहतो. क्रम ठरवा: आधी मैदान, मग मोबाईल. आणि "माझ्यासारखा होशील" हे वाक्य मिस्टरांनी कायमचं सोडलेलं बरं. त्यात मुलाला बाबांची भीती ऐकू येत नाही, स्वतःबद्दलची नापसंतीच ऐकू येते.

खेळ किती हवा? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांना आठवड्याच्या सरासरीनं रोज 60 मिनिटं, मध्यम ते जोरकस. त्यातले किमान तीन दिवस दम लागेल असं आणि हाडा-स्नायूंना जोर देणारं: पळणं, उड्या, चढणं, लोंबकळणं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरकस. ही 60 मिनिटं सलगच हवीत असं नाही. शाळेची मधली सुट्टी, चालत-सायकलवर येणं-जाणं, संध्याकाळचा खेळ सगळं त्यात धरा. पीटीचा तास मात्र डोळे झाकून धरू नका. रांगेत उभं राहण्यात त्यातला बराच वेळ जातो, प्रत्यक्ष पळणं किती झालं ते मुलालाच विचारा.

रंकाळ्यावरची कुरकुर आळसाची नाही. एका चालीनं चाळीस मिनिटं चालणं हा मोठ्यांचा व्यायाम आहे. मुलांची हालचाल तुकड्यातुकड्यांची असते: काही सेकंद सुसाट, मग थांबणं, परत सुसाट. तेव्हा तुम्ही चाला, त्याला पळू द्या. पुढच्या दिव्यापर्यंत पळत जाऊन तुमच्याकडे परत यायचं, मग त्याच्या पुढच्या दिव्यापर्यंत. तुमच्या एका फेरीत त्याचं अंतर दुपटीवर जातं आणि चालायला लावलंय हे त्याच्या लक्षातही येत नाही. वाहनांच्या रस्त्यालगत मात्र हे नको, बागेच्या किंवा फिरायच्या वाटेच्या आतल्या बाजूला. त्याहून चांगलं म्हणजे मैदान. मुलं आत खेळतात आणि तुम्ही कडेनं फेऱ्या मारता. कट्ट्यावर बसून बघितलेला वेळ तुमच्या खात्यावर जमा होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा लागतो.

खरी अडचण वेळेची आहे आणि ती तुमच्या पहाटेच्या जिममध्ये आहे. तुमचा सगळा व्यायाम मुलं झोपेत असताना उरकतो. त्यांच्या वाट्याला येतात ते थकलेले आई-बाबा, काट्यावरचा आकडा आणि पथ्याच्या गप्पा. मुलांना पहाटे उठवून सोबत नेणं हा उपाय नव्हे. या वयाला 9 ते 11 तास झोप लागते, ती कापली तर खाणं आणि चिडचिड दोन्ही वाढतात. त्याऐवजी जिमचे दिवस कमी करा. दोघांनी ताकदीच्या व्यायामाचे दोन-तीन दिवस ठेवावेत, चालण्या-पळण्याचे दिवस संध्याकाळी मुलांसोबत हलवावेत. पाळी लावा. मंगळवार-गुरुवार बाबा, सोमवार-शुक्रवार तुम्ही, सव्वासहा ते सात. ट्यूशन आड येत असेल तर ट्यूशनची वेळ सरकवा. ट्यूशनचे तास बहुतेक वेळा सरकतात, सूर्यास्त सरकत नाही. बुधवारी दोरीच्या उड्या, शनिवारी मुलांचं त्यांचं काहीतरी, रविवारी सगळ्यांनी मिळून बाहेर: कळंबा तलाव, विद्यापीठाचा परिसर, थंडीत पन्हाळ्याच्या तटावरून फिरणं किंवा जोतिबाच्या पायऱ्या. एकदम सगळे दिवस सुरू करू नका. पहिले दोन आठवडे दोनच संध्याकाळी, अर्धा-अर्धा तास. असे बेत फसतात ते बहुधा पहिल्या उत्साहानंतर, चाचणी परीक्षा आली किंवा एकाला ऑफिसात उशीर झाला की. त्या दिवसासाठी पंधरा मिनिटांचं काहीतरी ठरवून ठेवा, म्हणजे साखळी तुटत नाही.

मुलाला कुठं घालायचं? कोल्हापुरात फुटबॉल सोडून दुसरं सुचतच नाही. पेठापेठांच्या तालमींच्या टीम आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी बघून पोरं वेडी होतात. एखादी मॅच दाखवायला जरूर न्या. पण जाड मुलगा ग्राउंडवर गेला की त्याला गोलमध्ये उभा करतात. तो तासभर हलत नाही आणि गोल बसला की बोलणी खातो. प्रशिक्षकांशी आधी बोला: निदान अर्धा वेळ हा मैदानात राहील, चिडवणं चालणार नाही. ऐकत नसतील तर दुसरी जागा बघा. अशा मुलाला वजनाचा फायदा मिळतो असे खेळ आधी द्यावेत, म्हणजे रस्सीखेच, कबड्डी, तालमीच्या मातीतली झोंबाझोंबी. पोहणंही उत्तम, पाण्यात सांध्यांवर भार येत नाही. अंबाई टँक किंवा दुसरा कुठलाही देखरेख असलेला तलाव चालेल. पंचगंगेत मात्र नको. पाच-पाच बैठका तीन वेळा, भिंतीला हात टेकून पाच जोर, बारला दहा सेकंद लोंबकळणं, एवढ्यानं सुरुवात होते. असल्या व्यायामानं उंची खुंटते ही समजूत खोटी आहे. शिकवणारा हवा आणि ओझं बेताचं हवं, इतकंच. मांड्या घासून सोलवटल्या की पोरगं कारण न सांगता खेळ सोडतं, म्हणून हाफपँटच्या आत घट्ट सायकलिंग शॉर्ट द्या.

त्याच्या बाबतीत काही गोष्टींवर नजर ठेवा. मानेच्या मागं काळपट, मखमली पट्टा दिसला तर तो मळ समजून घासत बसू नका. शुगर तपासून घ्या. रात्री जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, पळताना छातीत दुखणं, खेळल्यावर येणारा खोकला ही सगळी डॉक्टरांना सांगायची लक्षणं. लंगडत असेल, जांघेत किंवा गुडघ्यात दुखतंय म्हणत असेल तर खेळ थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडं न्या. जाड मुलांत खुब्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यात जाणवतं, आणि नुसत्या गुडघ्याचा एक्सरे काढला तर ते निसटतं.

मुलीसाठी मर्दानी खेळ बघा. लाठी शिकवणारे इथं आहेत, मुलीही शिकतात. खांदे, कंबर, पाय सगळ्यांना काम मिळतं आणि आरशात कसं दिसतंय याच्याशी संबंध नसतो. लेझीम, खो-खो, फुटबॉलही चालेल. वजनगट असलेले खेळ, म्हणजे स्पर्धेची कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, तूर्त टाळा. खेळ वाईट नाहीत, पण काट्यावर नजर लागलेल्या मुलीला वजन उतरवून गटात बसायचं वातावरण आत्ता नको.

सासूबाईंना विरोध करण्यापेक्षा मुलगीच का मागं सरतेय ते बघा. या वयात मुली ग्राउंड सोडतात त्याची कारणं फार साधी असतात: नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा नाही, पांढऱ्या पँटची सक्ती, ग्राउंडवर स्वच्छतागृह नाही, पाळी सुरू झाली तर काय करायचं ठाऊक नाही. गडद रंगाची ट्रॅकपँट, बॅगेत एक जादा पॅड, आणि जवळ कुणाचं स्वच्छतागृह वापरता येईल याची चौकशी, एवढं झालं की निम्मी धास्ती जाते. पाळीत खेळायला हरकत नाही. पोट दुखत असेल तर तिला वाटेल तेवढंच. सासूबाईंना सांगायचं तर हाडांचं सांगा: हाडं भरण्याची हीच वर्षं आहेत आणि उड्या-पळण्यानं ती भरतात. उतारवयातल्या गुडघे-कमरेची दुखणी त्यांना माहीत आहेत, त्यांना ते लगेच पटेल.

बुधवारची दोरी नीट समजून घ्या, कारण इथं बहुतेक घरांत चुकतं. दोरीच्या मधोमध पाय ठेवून दोन्ही टोकं वर ओढली तर मुठी काखेपर्यंत याव्यात. बाजारातली दोरी मोठ्यांच्या मापाची असते, मुलांना लांब पडते. मग ते हात पसरून खांद्यातून फिरवतात, उंच उडतात आणि टाचांवर आदळतात. आठवडाभरात नडग्या दुखायला लागतात. मुठीजवळ गाठ मारून दोरी आखूड करा. कोपरं अंगाशी, फिरवायचं मनगटातून, उडी जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर, उतरायचं चवड्यावर, गुडघे किंचित वाकवून. वीस सेकंद उड्या, चाळीस सेकंद आराम, असं सहा वेळा. दोन-तीन आठवड्यांनी तीस-तीस सेकंद. बूट घालूनच, आणि गुळगुळीत फरशीवर नको. गच्चीवर करायचं असेल तर कठडा मुलांच्या छातीइतका उंच हवा आणि सोबत कुणीतरी मोठं हवं. मुलाला आधी दोरीशिवाय नुसत्या उड्या मारू द्या. अडखळला की हसं होतं, आणि त्याला ते नको आहे.

जून ते सप्टेंबर आपल्याकडं पाऊस उघडीप देत नाही, तेव्हा घरातला बेत लागतो. हॉलमधलं टीपॉय सरकवून सूर्यनमस्कार, मुलाला सुरुवातीला चार, मुलीला सहा, सावकाश. पार्किंगमध्ये गाड्या नसतील तेव्हा डबा ऐसपैस, लंगडी, जिन्यावर सोंगट्या वर पोचवण्याची शर्यत. उतरताना चालतच उतरायचं. रिमझिम असेल तर चिखलात फुटबॉल खेळू द्या, पण पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात नको. एप्रिल-मे मध्ये उलट: सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी.

मिस्टरांबद्दल दोन गोष्टी. इंजेक्शननंतरच्या दिवसांत मळमळ, थकवा जाणवत असेल तर त्या दिवशी त्यांनी पळू नये. अंपायर व्हावं, बॉल टाकावा, पण जावं. शुगरच्या काही गोळ्यांमुळं व्यायामात साखर खाली येऊ शकते. त्यांच्या गोळ्या त्यातल्या आहेत का ते डॉक्टरांना विचारून घ्या आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. इंजेक्शनचं पेन मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका आणि वजन उतरवायचं इंजेक्शन म्हणून घरात त्याचं कौतुक नको. मुलगी ऐकते आहे.

ट्रेडमिल घेऊ नका. 8 वर्षांच्या मुलाला चालत्या पट्ट्यावर हात-बोटं घासून गंभीर इजा होऊ शकते, आणि घेतलीच तर वापरानंतर सेफ्टी की काढून, प्लग उपसून ठेवावी लागते. शिवाय बंद खोलीत एकाच चालीनं चालणं मुलांना रंकाळ्यापेक्षाही लवकर कंटाळवाणं होतं.

घड्याळही मुलीला नको, निदान यंदा नको. वहीतला आकडा जाऊन मनगटावर आकडा येईल. त्या पैशात दोघांना बूट घ्या. संध्याकाळी घ्यायला जा, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात. मोजे घालून, उभं करून मापा, सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याएवढी जागा हवी. दर चार महिन्यांनी तेवढी जागा उरलीय का ते दाबून बघा.